बरणीतलं ताजं पाणी

नव्वदच्या दशकात मी सुरतेत कॅन्सरच्या गाठी तपासणाऱ्या लॅबमध्ये होतो. मुंबईहून बर्फात येणारी अँटिबॉडी गाठीतल्या प्रथिनाला चिकटली की तपकिरी रंग उठायचा, मग औषध ठरायचं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शहरातल्याच गोडादरा वस्तीतला एक खानदेशी यंत्रमाग कामगार आईच्या गाठीची बरणी दोन्ही हातांनी धरून आला. भुवयांत धाग्याचे तंतू. बरणीत गाठ टिकवणारं फॉर्मॅलिन नव्हतं, नळाचं पाणी होतं. गाठ सडली होती, तपासता येणार नव्हती.

"ते डोयाले झोंबे, म्हणून फेकी दिन्हं. मनी मायनं आंग शे ना!" तो अहिराणीत म्हणाला. डोळ्यांना झोंबणारं ते आईच्या अंगाच्या तुकड्याला कसं लावायचं, असं त्याचं म्हणणं.

गाठ काढून बरणी नुसती याच्या हातात कोंबणाऱ्या डॉक्टरची, त्यातलं औषध फेकू नको एवढं सांगताना जीभ झिजली असती का? आजही डोकं तडकतं.

मी बरणीचं झाकण परत लावलं. त्याने हळूच विचारलं, "साहेब, पानी बदलू का? सकाळचं शे."