उजवा डोळा मिटल्यावर

जहाज दिरानेच पुसलं, याबद्दल वहिनींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दुसरं कोण पुसणार? चित्राची फाईल दोघांच्याच संगणकावर, आणि त्या जहाजावरून दोघांची रोज जुंपत होती. वहिनींनी फोन उचलला आणि तरातरा दिराच्या खोलीकडे निघाल्या.

तिथे काय झालं ते सांगण्याआधी वहिनी कोण ते सांगायला हवं, नाहीतर त्या नुसत्याच भांडकुदळ वाटतील. तशा त्या आहेत थोड्या. पण उभा जन्म त्यांनी झाकणं आणि वेष्टणं रंगवण्यात घालवला. बिस्किटांचे डबे, साबणाचे कागद, वह्यांची मुखपृष्ठं, खेळण्यांची खोकी. आत काय आहे ते वरून कळावं आणि खोटं कळू नये, एवढा एकच नियम त्यांनी पाळला. छापखान्यात सगळे त्यांना ‘नेमबाज’ म्हणायचे. चित्र पुरं झालं की त्या ते हातभर लांब धरत, उजवा डोळा घट्ट मिटत आणि डाव्या डोळ्याने फक्त त्यावरच्या नावाकडे बघत. नावाकडे बघता बघता चित्रातली मुख्य गोष्ट आपोआप जाणवली तर चित्र पास, नाहीतर पुन्हा ब्रश हातात. गिऱ्हाईक निरखून बघत नसतं, त्याची नजर नुसती घसरत जाते, असं त्यांचं म्हणणं. आणि एकच डोळा का? तर दोन्ही डोळे उघडे ठेवले की माणूस स्वतःच्या चित्राचे लाड करतो.

धाकट्या दिराने व्हिडिओ गेम बनवला होता. त्यापायी चांगली नोकरी सोडली, केस पिकवले आणि बायकोच्या संयमाचा अंत पाहिला. गेम अंतराळातला, पण त्यात लढाई नाही की राक्षस नाहीत. एक माणूस लहानशा मालवाहू जहाजातून या ग्रहावरून त्या ग्रहावर सामान पोचवतो आणि बहुतेक वेळ काळोखातून एकटाच चाललेला असतो. “यात गंमत ती काय?” असं वहिनींनी विचारलं होतं. मग खेळायला बसल्या त्या जेवायला हाका मारल्या तरी उठेनात.

असले गेम ऑनलाइन दुकानात विकतात. तिथे चित्रांच्या रांगाच्या रांगा, आणि त्यात आपलं एक इवलंसं चित्र. कुणी त्यावर थांबला तर पुढचं सगळं. दीर हात जोडायचाच काय तो बाकी होता. “वहिनी, चित्र चुकलं तर आतलं कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही. माझी सगळी वर्षं पाण्यात जातील.”

वहिनींनी पहिलं चित्र काढलं ते असं: खाली डावीकडे गेमचं नाव, बाकी सगळा काळोख, आणि वर उजवीकडे तांदळाच्या दाण्याएवढं जहाज. त्याच्या खिडकीत पिवळा दिवा. दीर पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, “हेच.”

वहिनींनी ते फोनवर घेतलं, हात लांब केला, उजवा डोळा मिटला. जहाज दिसेना.

“लहान झालं की हरवतंय,” त्या म्हणाल्या आणि जहाज मोठं केलं. पुन्हा हरवलं. कडेने पांढरी रेघ दिली, दिवा भडक केला, तरी तेच. दोन्ही डोळ्यांनी बघावं तर जहाज आपल्या जागी ठणठणीत, आणि परीक्षेला बसवलं की नापास. वहिनी इरेला पेटल्या. जहाज फुगत गेलं, त्याच्या शेपटीला चित्रभर पसरलेली आग लागली. ती आग मात्र दिसायची. पण दिराने चार लोकांना चित्र दाखवलं तर त्यांनी विचारलं, यात शत्रू किती असतात? दिराने कपाळाला हात लावला. “मी बघतो काय करायचं ते,” एवढं बोलून तो झोपायला गेला.

आणि सकाळी वहिनींनी डोळा मिटून बघितलं तर जहाज नाही, आगही नाही. नुसता काळोख. रागाच्या भरात दुसरा डोळा उघडून बघायचंही त्यांना सुचलं नाही.

“जहाज कुठे गेलं, भाऊजी?” दारातूनच त्यांनी विचारलं.

दीर चहा पीत होता. शेजारी त्याची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, कपडे घड्या करत होती. दीर ओशाळला. “रागावू नका. तुमचं पहिलंच चित्र मी परत लावलं.”

“पहिल्या चित्रात जहाज होतं.”

“यातही आहे.”

“मला वेड्यात काढू नका. दाखवा कुठे आहे ते.” वहिनींनी फोन हातभर लांब धरला, उजवा डोळा मिटला आणि सवयीने नावाकडे नजर रोखली.

जावेने हातातला टॉवेल ठेवला. “ताई, हे काय, इथे तर आहे.” तिने बोट पुढे केलं. वहिनींना ते वरच्या कडेने येताना दिसलं. आणि मग बोटाचं टोक नाहीसं झालं. नख गेलं, पेर गेलं. उरलेलं बोट काळोखात थांबलं होतं.

वहिनींनी उजवा डोळा उघडला. पुरं बोट, त्याखाली जहाज, खिडकीत दिवा. मिटला. काही नाही. उघडला. मिटला.

“ताई, काय होतंय?” जाऊ म्हणाली.

“तुझं बोट हलव.” वहिनी म्हणाल्या. “हलवलंस?”

“हलवतेय की.”

वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांना राग आला, लाज वाटली, पण सगळ्यांच्या वर होती ती भीती. चित्रात काही बिघडलेलं नव्हतं. कधीच नव्हतं. आपल्या डोळ्यातलं भोक त्या जहाज मोठं करून बुजवायला निघाल्या होत्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि हातात बटण दिलं. समोरच्या वाडग्यासारख्या पडद्यावर कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचं. वहिनींना वाटलं, आपल्याला हे छान जमतंय. ठिपके येत होते, त्या दाबत होत्या. डाव्या डोळ्याच्या वेळी मध्येच बराच वेळ काही आलं नाही.

“मशीन थोडा वेळ बंद पडलं होतं बहुतेक,” बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चालू होतं.”

सोबत आलेल्या दिराने मान खाली घातली. वहिनी त्या उत्तराने अशा हादरल्या की पुढचं निम्मं त्यांच्या कानात शिरलंच नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायला रोज थेंब घालायचे, नियमित तपासणी करायची. डोळा मोठा लबाड असतो, बाई सांगत होत्या, भोक पडलं तरी तो आजूबाजूचाच रंग तिथे भरून टाकतो. दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून कळत नाही. काळोखाचं चित्र असेल तर बघायलाच नको.

“उजव्याचं काय?” वहिनींनी विचारलं.

“सध्या चांगला आहे.”

“जायला लागला तर कुठून जाईल?”

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर वर केली. असं कुणी विचारत नसावं. “नक्की सांगता येत नाही. पण बऱ्याचदा नाकाच्या बाजूने, वरून.”

वाटेत दीर म्हणाला, “चित्राचं राहू द्या आता. मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो.”

“डोळा थोडा गेलाय, हात नाही गेला,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पहिलंच चित्र घेतलं. एकच बदल केला. नाव खाली उजवीकडे नेलं आणि जहाज वर डावीकडे.

“का?” दिराने विचारलं. “आधीचं चांगलं होतं की.”

“माझ्या उजव्या डोळ्याचं नाक डावीकडे आहे.”

दिराला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. “मग जहाज थोडं मोठं करू या का? तुम्हाला सोपं जाईल.”

“मोठं केलं तर नजर गेलेली उशिरा कळेल. राहू द्या दाण्याएवढंच.”

गेम दुकानात लागला. लोक त्या चित्रापाशी थांबतात, आणि यात शत्रू किती असं आता कुणी विचारत नाही.

वहिनी रोज सकाळी थेंब घालतात, ते दुकान उघडतात, रांगेतून आपलं चित्र शोधतात आणि फोन हातभर लांब धरतात. हल्ली त्या डावा डोळा मिटतात. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज तेवढ्यापुरता बंद होतो.

“आहे,” वहिनी म्हणतात, आणि जाऊ पुन्हा भांडी घासायला लागते.