आईचं पिवळं पोलकं

आमच्या देशाचा राजा गेला आणि दोन दिवसांत रात्चबुरीच्या बाजारात काळं कापड औषधालाही उरलं नाही. मी मोठं पातेलं चुलीवर चढवलं, काळा रंग ओतला आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं त्यात बुडवलं. आईचं पिवळं पोलकं तेवढं सापडेना. म्हातारीनं कुठं दडवलं होतं देव जाणे.

आई म्हणजे लमै. पुलाच्या तोंडाशी केळीच्या पानातले भाताचे गोड मुटके विकून तिनं मला एकटीनं वाढवलं. जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकानं मुटका दाबून बघितला की म्हणायची, "नवरा पण असाच दाबून निवडला होतास का गं?" गेली दोन वर्षं मात्र तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हे मी बाजारात कुणाला कळू दिलं नव्हतं. माझ्या आईला चारचौघांनी वेडी म्हटलेलं मला सहन झालं नसतं.

राजा गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ऊर बडवून रडली. जेवण होईतो विसरली. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढीच रडली. मग म्हटलं, मसणात जाऊ दे ते सांगणं.

पातेलं ढवळत होते तेवढ्यात शेजारची नोई धावत आली. "उरायताई, पळ! तुझ्या आईला पुलाजवळ लोकांनी घेरलंय!"

तशीच पळाले. रस्त्याच्या कडेला चटई, चटईवर आई, अंगात ते पिवळं पोलकं, ओंजळीत कमळाच्या कळ्या. भोवती काळ्या कपड्यांची गर्दी. मला बघताक्षणी उमगलं. मी लहान असताना राजाच्या गाड्या याच रस्त्यानं जाणार होत्या, तेव्हा आम्ही मायलेकी सकाळपासून अशाच उन्हात बसलो होतो. गाड्यांचा आवाज आला आणि आईनं नमस्कारासाठी माझं मुंडकं चटईवर दाबलं. मला राजा दिसलाच नाही, दिसली ती टायरं! घरी येईस्तोवर भोकाड पसरलं होतं मी. आज ती त्याच गाड्यांची वाट बघत होती.

"अख्खा देश रडतोय आणि ही थेरडी नटून बसलीय!" मोटारसायकलवर भाडी मारणारा विरात ओरडत होता. हातातल्या मोबाईलनं शूटिंग चालू. "माफी माग! डोकं टेकव!"

"कशाची माफी?" आई म्हणाली. "मेल्या, तूच आधी खाली बस. गाड्या येतील आत्ता, आणि हा ताडासारखा उभा!"

"थट्टा करते बघा! धाडा पोलिसांना व्हिडिओ!" कुणीतरी तिची बाही खेचली, शिवण उसवली. राजाचा अपमान म्हटलं की आमच्याकडे तुरुंग फार लांब नसतो.

"हात काढ!" मी मध्ये घुसले. "राजा सोमवारी जन्मलेला, आणि सोमवारचा रंग पिवळा, म्हणजे त्याचाच ना रे? त्याच्यासाठीच घातलंय तिनं!"

"तो जिवंत होता तेव्हा! आज काळाच!"

गर्दी आणखी आत सरकली. माझ्याजवळ दुसरं काही उरलं नाही. "माझी आई वेडी आहे!" मी ओरडले. "डोक्यातलं सगळं गेलंय तिच्या! सोडा तिला!"

आईनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणालीस गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाटकं आहेत," विरात म्हणाला. मोबाईल त्यानं आईच्या तोंडासमोर धरला. "खरंच ठाऊक नाही का तिला? मग सांग आमच्यासमोर. बघू काय करते."

मी चटईवर बसले. "आई, राजा गेला."

"कुठं?"

"वारला, आई."

आईनं जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. कळ्या रस्त्यावर सांडल्या. ती भर रस्त्यात पोलक्याची बटणं काढायला लागली. "काळं द्या गं बायांनो! मी अशी कशी बसले? कुणीतरी काळं द्या!" मी तिचे हात धरत होते, ती हिसकत होती. मग बायका पुढं झाल्या. कुणी ओढणी टाकली, कुणी तिला पोटाशी धरलं. मघाशी बाही ओढणारे कधी पांगले कळलंही नाही.

विरात तेवढा थांबला. मोबाईल खिशात गेला होता. "घरी सोडतो," एवढंच बोलला. शिव्या तोंडावर आल्या होत्या, पण आईला चालवेना. आम्ही दोघी त्याच्या मागं बसलो.

दाराशी उतरेपर्यंत आई शांत झाली होती. तिनं विरातच्या काळ्या शर्टाकडं निरखून बघितलं. "काय रे बाळा, काळं का घातलंयस? घरातलं कुणी गेलं का?"

मी त्याच्याकडं डोळे वटारले. एक शब्द बोल, मुडदाच पाडते तुझा.

आमच्याकडं राजाला सगळे बापच म्हणतात. विरातची हनुवटी लटपटायला लागली. "बाप गेला, आजी," तो म्हणाला, आणि तो एवढा थोरला गडी हमसून हमसून रडायला लागला.

आईनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "रड, रड. लाजायचं नाही. काल रात्रीपासून पोटात काही गेलंय का?" मग माझ्यावर खेकसली, "उराय, तोंड काय बघत बसलीस? पोराचा बाप गेलाय. पान वाढ त्याला!"