घुंग्यांचा आवाज

रबरी शिक्के करणाऱ्या या गृहस्थाला त्याचे मित्र मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध नापास होण्यापुरताच आलेला. पण दर रविवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर जो खेळ रंगे, तो चालवणारा मास्तर तोच. कंपाउंडर, घड्याळजी आणि बस-कंडक्टर हे तिघे योद्धे आणि जादूगार व्हायचे, फासे टाकायचे, आणि वाटेत जो राक्षस भेटेल त्याचा आवाज मास्तर काढायचा. आठवडाभर 'मंजूर' आणि 'नामंजूर' उलट्या अक्षरांत कोरणाऱ्या माणसाला त्या दिवशी पंख फुटत.

घुंगे ही त्याची स्वतःची जमात. या खेळाच्या तयार पुस्तकांतले राक्षस त्याला मिळमिळीत वाटत. घुंगे गुहेत राहत, झोपलेल्या वाटसरूंचे कान कापून नेत आणि त्यांच्या माळा घालत. घुंगे आले की मास्तर कागदावर त्यांच्या चपट्या नाकाचा शिक्का उमटवी, मान डावीकडे कलती करी आणि शेवटचा शब्द दोनदा म्हणे : "कान आमचे, आमचे." तिघेही पोट धरून हसत आणि मग घुंग्यांची खांडोळी करत. सहा वर्षं हे असंच चाललं. तो आवाज आपल्याला कुठून सुचला, हा प्रश्न या शहाण्याला एकदाही पडला नाही.

घरात तो आणि थोरली बहीण, दोघंच. ताई इस्पितळाच्या धोबीखान्यात होती आणि रविवारी तिची हमखास कामाची पाळी असे, त्यामुळे मित्रांशी तिची गाठ कधी पडलीच नव्हती. ती निवृत्त झाली, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ती घरी होती. भावाचा खेळ एकदा बघावा म्हणून ती हौसेने दारात येऊन उभी राहिली. घुंग्यांची टोळी नुकतीच बोलून गेली होती. ताईने मान जराशी डावीकडे कलती केली आणि म्हणाली,

"चहा ठेवलाय, ठेवलाय."

कंडक्टरने टाळीच वाजवली. "वा, ताईंना तर घुंगा हुबेहूब जमतो!"

ताई हसल्यासारखं करून आत गेली. मास्तरचा चेहरा पाहून कंडक्टरचंही हसू मावळलं. ताई नेहमी अशाच बोलतात का, असं कंपाउंडरने हळूच विचारलं, तेव्हा मास्तरला सांगावं लागलं. तो सहा वर्षांचा असताना त्याचे कान फुटले होते. दोन वर्षं त्याला धड ऐकू येत नव्हतं. बारा वर्षांची ताई त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी मान झुकवून बोलायची आणि शेवटचा शब्द पुन्हा म्हणायची, कारण वाक्य संपेपर्यंत त्याचं लक्ष उडालेलं असे. पुढे त्याचे कान बरे झाले. तिची सवय गेली नाही. हे सगळं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं, आणि सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या आठवड्यात ताई कमी बोलली. शेवटच्या शब्दापाशी आली की ती ओठ मिटून घेई. मान ताठ ठेवी. चुकलं म्हणायला किती वेळ लागतो? पण सोमवारी दुकान उघडायचं होतं, मंगळवारी ती बाजारात गेली होती, बुधवारी त्याची जीभच रेटेना. शेवटी त्याने मास्तरच्याच डोक्याने तोडगा काढला, आणि इथेच माती खाल्ली. जे तोंडाने बोलायचं, ते तो फाशांनी निस्तरायला गेला.

रविवारी त्याने घुंग्यांची सगळी जमात एका गुहेत गोळा केली आणि वरून डोंगर पाडला. एकालाही बोलू दिलं नाही. कंडक्टर कुरकुरला, निदान सरदाराला तरी चार शब्द बोलू दे म्हणाला. मास्तरने ऐकलं नाही. चपट्या नाकाचा शिक्का त्याने सगळ्यांच्या देखत ब्लेडने चिरला. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, आणि ते त्याने मुद्दामच उघडं ठेवलं होतं.

मित्र गेल्यावर ताई कप गोळा करायला आली. टेबलावर रबराचे दोन तुकडे पडले होते. तिने ते जुळवून पाहिले.

"सगळ्यांना मारलंस?"

"हो," तो म्हणाला. "आता तो आवाज या घरात पुन्हा निघणार नाही."

ताईने कप एकात एक ठेवले. मान ताठच होती.

"एखादा तरी ठेवायचास."

तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला. शेवटचा शब्द दुसऱ्यांदा आला नाही. ती कप घेऊन आत गेली आणि तिने नळ सोडला.