कर्टलंडच्या देवळाचा गिलावा

आयर्लंडमधल्या डंडॉक गावात दर मंगळवारी आमची बेल वाजवणाऱ्या त्या दोन मॉर्मन मुलींचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. अमेरिकेहून धर्मप्रचाराला आलेल्या, विशीच्या असतील. लांब स्कर्ट, छातीवर नावाची काळी पाटी, आणि पाऊस असो वारा असो, तोंडावर तेच हसू. अजूनही असली जोडी गावात दिसली की मी रस्ता ओलांडते. त्या दिवशी मी त्यांना दारातूनच कटवलं असतं. पण दार उघडलं सासूबाईंनी.

सासूबाई अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नवरा सकाळी ऑफिसला जायचा, मी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नसायचं. यात माझी चूक आहे हे मला कळत होतं, म्हणूनच त्यांची आणखी चीड यायची. इंग्रजीचा गंध नसताना त्यांनी मुलींना सोफ्यावर बसवलं आणि चहा टाकला. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही हे खुणांनी कळल्यावर वेलची घालून दूध दिलं. मग जिन्याखालून मला हाक मारली, "बाई, खाली ये वं. ह्या पोरी काय म्हनतात, सांग मले."

झाले मी दुभाषी. तेही दोन मीटिंगांच्या मध्ये, फुकटात.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी टॅबवर एका इमारतीचा फोटो दाखवला. फिकट भिंती, टोकदार खिडक्या, वर मनोरा. अमेरिकेत ओहायोमधल्या कर्टलंड गावातलं हे त्यांच्या पंथाचं पहिलं देऊळ. मूठभर गरीब माणसांनी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं. पुरुषांनी दगड आणले, बायकांनी त्यांच्यासाठी कपडे शिवले. बाहेरचा गिलावा चमकावा म्हणून बायकांनी घरातली चिनी मातीची भांडी फोडून त्यांचा चुरा दिला, अशी कथा त्यांच्यात सांगतात. बांधून होऊन फार दिवस झाले नाहीत तोच आपसात भांडणं लागली, बहुतेकांना गाव सोडावं लागलं, देऊळ पुढे दुसऱ्याच शाखेकडे गेलं. आणि आता अलीकडे ते पुन्हा यांच्याकडे आलं होतं. सांगताना एकीचे डोळे भरून आले. नाटकं, असं मी मनात म्हटलं.

मी भांड्यांपर्यंतच भाषांतर केलं. दोनशे वर्षं, भांडणं, शाखा, सगळं गाळलं, कारण प्रत्येक वाक्यावर सासूबाईंचे चार प्रश्न यायचे आणि माझा कॉल सुरू व्हायला पाच मिनिटं होती.

"झालं का मंग बांधून?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे अजून," मी म्हटलं आणि उठले. झालं म्हटलं असतं तर आतून कसं आहे, देव कोणता, पूजा कोण करतं, हे सगळं विचारलं असतं.

"आमच्या मोहल्ल्यातल्या देवळाची घंटा ओताले बायांनी घरचे पितळेचे गंज-भांडे देल्ले होते," त्या सांगत होत्या. मी तोवर अर्धा जिना चढले होते.

पुढच्या मंगळवारी कॉलवर असताना मागच्या अंगणातून धपधप आवाज येऊ लागला. शेजारीण तक्रार करणार, या विचारानं माझं डोकं फिरलं. कॉल संपवून तणतणत खाली आले. मुली सोफ्याच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. समोर टेबलावर माझा उशीचा अभ्रा, तोंड बांधलेला, बाजूला खलबत्त्यातला बत्ता. मी गाठ सोडली. आत पांढरे तुकडे होते, हिरव्या काठाचे.

माझ्या आईचे सहा कप. पुण्याहून तिच्याच साडीत गुंडाळून हातातल्या बॅगेत आणलेले. ती गेली तेव्हा माझं इथं राहण्याचं परमिट नूतनीकरणात अडकलं होतं, मला जाता आलं नाही. त्या कपांतून मी कधी चहासुद्धा प्यायले नाही. तिच्या तिथीला काढायचे, पुसायचे आणि परत प्रेसमध्ये ठेवायचे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

मी किंचाळले. मुली म्हणत होत्या, आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी आमच्या हातात का दिलं तेही आम्हाला कळलं नाही. मी ऐकून घेतलं नाही. दार उघडलं आणि त्यांना चालतं केलं. एकीची छत्री आत राहिली, तीही बाहेर फेकली.

मग सासूबाईंकडे वळले. "कुणाला विचारून फोडलेत? घरात दुसरे कप नव्हते?"

"द्यायचं त चांगलंच द्यावं ना," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुह्या मायच्या नावानं देल्ले. तिच्या शेवटच्या वक्ताले तुले जाता नाही आलं. ते कप पुसताना तू रडतं, मले दिसते. म्या म्हनलं, तिच्या नावाचं काहीतरी देवाच्या भिंतीले लागन. तुले बरं वाटन."

हे ऐकूनही मी थांबले नाही. उलट त्यांना दुखवायचंच होतं मला, म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "ते देऊळ बांधून दोनशे वर्षं होत आली, आई. तिथे आता कुणाला भांडी नकोयत."

त्या अभ्र्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"तू त चालू हाय म्हनलं होतं."

"मला मीटिंग होती," मी म्हटलं.