ज्येष्ठमधाची पूड

गल्लीने तिचं नाव ‘पुडीबाई’ पाडलं होतं. सासऱ्यांकडून शिकलेली झाडपाल्याची विद्या ती बावीस वर्षं चालवत होती. घराची पुढची खोली हेच दुकान. भिंतीला बरण्या, कोपऱ्यात खलबत्ता, दाराशी बाकडं. सासरे प्रत्येकाला आधी विचारायचे, “दुसरं कुठलं औषध चालू आहे का?” पुडीबाईही विचारायची. मग बाकडं भरायला लागलं आणि विचारणं मागे पडलं. “चेहरा बघितला की कळतं मला,” असं ती म्हणू लागली. लोकही माना डोलवायचे. मग काय, चढलीच हरभऱ्याच्या झाडावर.

समोरच्या शिंपीणकाकू खोकला घेऊन आल्या तेव्हा बाकड्यावर सहा जण खोळंबले होते. पुडीबाईने ज्येष्ठमधाची पूड बांधून दिली. “कोमट पाण्यातून, दोनदा.” किती दिवस, ते सांगायचं राहून गेलं.

खोकला चार दिवसांत पळाला, पण काकूंना त्या गोडसर पाण्याची सवय लागली. त्यांनी मुलीला पाठवून आणखी दोनदा पूड मागवली. पुडीबाईने गप्पांच्या नादात बांधून दिली.

दोन महिन्यांनी एका सकाळी काकूंना मशीनवरून उठताच येईना. पायांत त्राण नाही, डोकं ठणकतंय. मुलीने त्यांना दवाखान्यात नेलं.

पुडीबाई संत्री घेऊन भेटायला गेली. मुलगी म्हणाली, “डॉक्टरांना कोडं पडलंय मावशी. रक्तदाबाच्या गोळ्या एकही दिवस चुकल्या नाहीत, तरी दाब एवढा चढला कसा?”

“गोळ्या? कधीपासून?”

“सात वर्षं झाली की.”

ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर दाब चढतो, दाबाच्या रोग्याला ते देऊ नये, हे तर सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मुलगी पाणी आणायला गेली तशा काकू कुजबुजल्या, “तुझ्या पुडीचं बोलले नाही हं मी. उगाच तुझ्या नावाला बट्टा नको.”

काकूंनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, ते ऐकून पुडीबाईला क्षणभर हायसं वाटलं. “येते हं,” म्हणून ती निघालीसुद्धा. फाटकापर्यंत गेली, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी शरम वाटली की पाय पुढे पडेना.

ती परत फिरली. डॉक्टरीण काकूंच्या मुलीच्या वयाची होती. पुडीबाईने सगळं सांगितलं.

“रोज किती घेत होत्या?”

“मोजून दिलं नव्हतं.”

“गोळ्यांचं विचारलं होतंत?”

“नाही.”

डॉक्टरीण रागावली नाही. “बरं झालं सांगितलंत. रक्तातलं पोटॅशियम का घसरलंय तेच कळत नव्हतं,” एवढंच म्हणून लिहीत राहिली. मग पुडीबाईने काकूंच्या मुलीलाही सांगितलं, की तिने नेलेल्या त्या पुडीनेच दाब चढला. मुलीने संत्र्यांची पिशवी उचलून तिच्या हातात परत दिली.

पूड बंद झाली, उपचार झाले, आठवड्याने काकू घरी आल्या. आता पुडीबाई प्रत्येकाला गोळ्यांची चिठ्ठी आणायला लावते आणि शंका आली की डॉक्टरकडे पाठवते. बाकड्यावर पूर्वीइतकी गर्दी नसते. काकू मात्र अजून खिडकीतून हाक मारतात, “ये गं, चहा टाकलाय.” ती जाते. मुलगी घरात असली की पुडीबाई कपातल्या चहाकडेच बघत बसते, आणि अर्धा राहिला तरी उठते.