नंबर वाटणारा एकच

दौलतराव जगदाळ्यांबद्दल लिहायचं तर आधी माझा नालायकपणा लिहावा लागेल. इलाज नाही.

पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे त्यांच्या बायकोनं सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. पोलोग्राउंड भागातल्या वर्कशॉपात विजेच्या जळक्या मोटारी भरायचे, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचे. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा पन्नाशी जवळ आलेली. मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून नेटवर्किंग शिकले. आमच्या महिला संस्थेत अठरा नवे कम्प्युटर आले तेव्हा मीच, संस्थेची सचिव म्हणून, त्यांना बोलावलं. जोडणी नीट झाली तर देखभाल आणि मुलींना शिकवणं कायमचं त्यांच्याकडे, असं ठरलं होतं. दुसरं काम त्यांना नव्हतं.

प्रत्येक मशीनला कोणता नंबर द्यायचा, ते मी वहीत लिहून नेलं. ते हसले.

"वही कशाला, बाई? मशीन सुरू झालं की स्वतः पत्ता, म्हणजे नंबर, मागेल, सर्व्हर रिकामा नंबर बघून देईल. फक्त नंबर वाटणारा एकच पाहिजे. दोन झाले की लफडा समजा."

मी मान डोलावली. जन्मभर फिजिक्स शिकवलं, तरी मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, हे स्वतःला लागू करायचं राहिलं.

शनिवारी माझ्या खोलीत फोनला वाय-फाय मिळेना. घरी माळ्यावर जुना राउटर होता. चांगली वस्तू वाया का घालवा? आणला आणि टेबलामागच्या नेटच्या पॉइंटला खोचला. फोन चालला. कुणाला सांगायचं काय त्यात!

सोमवारी अध्यक्ष प्रतापराव आले, अठरा मुली बसल्या, आणि निम्म्या मशीनवर नेट येईना. दौलतराव घामाघूम. प्रतापराव घड्याळ बघायला लागले तशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मोटारी भरणाऱ्याच्या हाती कम्प्युटर दिले, दुसरं काय होणार!"

दोघीतिघी फिसकन हसल्या.

 त्यांनी नेट न आलेल्या मशीनचे पत्ते वाचले. आमच्या सर्व्हरनं दिलेले ते नव्हतेच. मग एकेक वायर धरत माझ्या खोलीपर्यंत आले. वाकून राउटर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला कळलं, नंबर वाटणारा दुसरा मीच आणून बसवला होता. एक वाक्य पुरलं असतं. मी दारात उभ्या उभ्या घसा खाकरला, बस्स.

त्यांनी राउटर काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन म्हणाले, "गडबड सापडली, साहेब. आता चालेल."

"कोणाची गडबड?"

"जोडणीतली."

प्रतापराव माझ्या कानात म्हणाले, "दुसरा माणूस बघा." मी हो म्हणाले. हो!

चार दिवस स्वतःचं तोंड आरशात बघवेना. शुक्रवारी प्रतापरावांना खरं सांगितलं, मग दौलतरावांच्या घरी गेले.

"काम तुमचंच आहे. माफ करा मला."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "करतो ना काम. पण बाई, तुम्ही बोललात पोरींसमोर. उद्या मी शिकवायला उभा राहिलो तर त्या माझं ऐकतील?"

म्हणून पुढच्या सोमवारी अठरा मुलींपुढे उभी राहिले. राउटर सांगितला, दारातलं ते खाकरणंही सांगितलं. एकही हसली नाही. हसल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दौलतराव मागच्या टेबलाखाली वायर बांधत होते. तिथूनच ओरडले, "झालं का, बाई? मग त्या रुचीला म्हणा, कडेचं मशीन चालू कर. पत्ता कुठला येतो ते मोठ्यानं वाचू दे."

रुचीनं वाचला. बाकीच्यांनी वह्या उघडल्या. मी मात्र कुठे बसावं ते न कळून उभीच राहिले.