मार खाणारा भागीदार

पुण्याहून आलेल्या गुंतवणूकदार बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि अंगदला विचारलं, "सॉफ्टवेअर तर तनुजा लिहितात. मग कंपनीत तुम्ही नेमकं काय करता?"

अंगदचा खालचा ओठ त्या दिवशी फाटलेला होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. त्याने शांतपणे सांगितलं, "मार खातो, मॅडम."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, गावाकडच्या माणसाची गंमत. मला हसू आलं नाही. आमच्या कंपनीत माणसं दोनच होती आणि कामाची वाटणी अगदी अशीच होती. मी शहरातल्या छावणी भागात भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसून कोड लिहायचे आणि अंगद बाजारात जाऊन त्या कोडचा मार खायचा.

इंजिनिअरिंग कॉलेजात मला शिकवलं होतं की प्रॉडक्ट चांगलं असलं की ते आपोआप विकलं जातं. 'आपोआप' या शब्दाचा मला आता भयंकर राग येतो. आपोआप फक्त केस गळतात. बाकी प्रत्येक गोष्टीसाठी कुणालातरी उन्हात उभं राहावं लागतं, शिव्या ऐकाव्या लागतात, आणि आमच्या बाबतीत लाथाही.

अंगद मला भेटला छावणीतल्या एका मोबाइलच्या दुकानात. मी चार्जर घ्यायला गेले होते आणि नवा फोन घेऊन बाहेर पडले. घरी आल्यावर स्वतःवर चिडले, दुसऱ्या दिवशी भांडायला परत गेले, तर त्याने चहा पाजून मला फोनचं कव्हरही विकलं. तेव्हाच ठरवलं की हा माणूस आपल्याला हवा. त्याआधी तो चितेगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता आणि मुकादमाची कॉलर धरली म्हणून बाहेर पडला होता. मूळचा वैजापूर तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या धनगराचा मुलगा. लहानपणी एका एडक्याने धडक देऊन त्याचा वरचा पुढचा दात पाडला होता. तिथे अजून खिंड होती. फोटो काढताना तो तोंड घट्ट मिटायचा, भांडताना मात्र पूर्ण उघडायचा.

आमच्या ॲपचं नाव 'दावण'. बोकड किंवा मेंढरू विकणाऱ्याने जनावर आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं करायचं, वजन फोनवर जायचं आणि शहरातले खाटीक, हॉटेलवाले सगळ्यांना दिसेल अशी बोली लावायचे. इतकं साधं. पण ज्या आठवडी बाजारात आम्ही सुरुवात केली तिथे भाव तोंडाने बोलतच नाहीत. दलाल आपला रुमाल पसरतो, विकणाऱ्याचा हात त्याखाली घेतो, आणि दोघं एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. कोणतं बोट धरलं, कितीदा दाबलं, सगळ्याला अर्थ. वरून चेहरे दगडासारखे. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही पत्ता लागत नाही की याचा बोकड कितीला गेला. म्हणूनच एकाच उंचीचे, एकाच अंगाचे दोन बोकड एकाच दलालाकडे वेगवेगळ्या भावाने जातात आणि दोन्ही मालक खूश असतात. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण आम्हाला तिथे अजून जावं लागतं.

त्या रुमालाखाली आम्ही उजेड पाडणार होतो. मला ते फार थोर वाटायचं. दलालांना ते काय वाटत असेल, हे पहिल्याच बाजारात कळलं. अंगदच्या कानाखाली अशी बसली की तो दोन दिवस मला "काय? काय?" विचारत होता. पुढच्या बाजारात त्यांनी काट्यावर दगड घातला, आणि मध्ये पडलेल्या अंगदला मातीत पाडून तुडवलं. बरगडीला तडा गेला. ओठ आणि डोळा त्यानंतरच्या बाजारातला.

आणि दर वेळी हा बाबा काय करायचा, तर पुढच्या आठवड्यात ज्याने मारलं त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. "रामराम. चहा घेता का?"

मी ओरडले होते त्याच्यावर. "अंगदभाऊ, तुम्हाला लाज वाटत नाही का?"

"मॅडम, ज्यानं हाणलं त्याच्याकडंच आधी जायचं असतं," तो म्हणाला. "त्याला आपलं तोंड पाठ झालेलं असतं. नवीन माणसाला ओळख करून द्यावी लागती."

आता पुण्याच्या बाईंचं उत्तर आलं होतं. महिनाअखेरपर्यंत या एका बाजारात काटा चालू करून दाखवा, नाहीतर रामराम. काटा आम्ही नवा घेतला. पण त्यावर जनावर चढवायला एकही धनगर तयार नव्हता. अंगद वाड्यावस्त्यांवर फिरला, लोकांच्या मेंढरांना औषध पाजू लागला, लग्नांत पंगती वाढू लागला. सगळीकडून एकच उत्तर. "तुझ्या बापाला आण आधी काट्यावर. मग आम्ही आलोच."

त्याचा बाप, त्रिंबकनाना, काट्याकडे बघतही नव्हता. तीस वर्षं त्यांचा माल अप्पाराव दलालाकडे जात होता. अप्पाराव म्हणजे बाजाराचा राजा. पांढरे कपडे, खांद्यावर रुमाल, बोलणं मधासारखं. दुष्काळाच्या एका वर्षी त्याने त्रिंबकनानांच्या कळपाला आपल्या शेतात चरू दिलं होतं. नाना ते विसरले नव्हते आणि अप्पाराव त्यांना विसरू देत नव्हता.

"मला माणूस हातानं कळतो," नाना म्हणायचे. "तीस वर्षं त्या माणसाचा हात धरलाय म्या. तुमचा काटा काल आलाय."



मग तो सोमवार उजाडला. संध्याकाळी अंगद बाजारातून परत निघाला होता आणि फोनवर मला सांगत होता, "मॅडम, मीच काट्यावर चढून बघितलं, वजन दोनदा दिसतंय बरं का, ते तेवढं..." आणि तिथेच त्याचा आवाज तुटला. फोन त्याने घाईत खिशात टाकला असावा. तो चालूच राहिला.

मी सगळं ऐकलं. मोटरसायकल आडवी झाल्याचा आवाज. पाय ओढल्याचा आवाज. कुणाचा तरी जोरजोरात घेतलेला श्वास. एकही शब्द नाही. मारणारे एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेव्हाच माझ्या मनात आलं की हे ओळखीचे आहेत, म्हणून गप्प आहेत. मग लोखंडी फळी आपटल्याचा धाडकन आवाज आला आणि त्यामागे वाळलेली तुराटी मोडावी तसा दुसरा. अंगदचं तोंड दाबलेलं असणार, कारण किंकाळी घशातच घुसमटली. पुन्हा फळी. पुन्हा तुराटी. मी खोलीत उभी राहून फोनवर ओरडत होते, "सोडा त्याला, सोडा हरामखोरांनो," आणि माझा आवाज त्याच्या खिशात जिरत होता.

कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगजवळ त्याला गाठलं होतं. तिघं होते, तोंडाला रुमाल बांधलेले. एकाने मागून तोंड दाबलं. दोघांनी त्याचा उजवा हात टेम्पोच्या मागच्या कडेवर धरला आणि मागचा लोखंडी फाळका त्यावर आपटला. हात उजवाच निवडला होता. रुमालाखाली भाव करणारा हात.

सरकारी घाटी दवाखान्यात बोटांमध्ये तारा घातल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मधली दोन बोटं आता वळणार नाहीत. आई म्हाळसाबाई त्याच्या उशाशी बसून नुसतं कपाळ दाबत होती. नाना दाराशी उभे होते.

"वळखले का कोण व्हते?" त्यांनी विचारलं.

"नाय. तोंडं बांधलेली," अंगद म्हणाला. मग त्या सुजल्या तोंडाने हसला. "पण एकाला लई महागात पडलं, माय. ज्यानं तोंड दाबलं ना, त्याच्या अंगठ्याच्या बुडाला असा चावलो, असा चावलो, रगत आलं तोंडात. गडी सोडंना आन् मीबी सोडंना."

"मंग तुझी खिंड उमटली असंल तिथं," म्हाळसाबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

मला राहवलं नाही. "नाना, हे अप्पारावचं काम आहे. सगळ्या जगाला कळतंय, फक्त तुम्हाला कळत नाही."

"बाई, तोंड सांभाळून," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "शहरातली भाड्याची पोरं असतील. अप्पाराव असं करणार नाय. तो हात मपल्या ओळखीचा हाय."

त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला की मी खोलीबाहेर जाऊन भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजला. अंगदला सांगितलं तर तो म्हणाला, "बघा, तुम्हीबी धंद्यात आल्या."

पुढच्याच सोमवारी तो बाजारात हजर. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मी नको म्हणाले, डॉक्टर नको म्हणाले, म्हाळसाबाईने शपथ घातली. "आज नाय गेलो तर त्यांना वाटंल, औषध लागू पडलं," तो म्हणाला. म्हणून मीही गेले. महिन्याचा तो शेवटचा बाजार होता. लिंबाच्या झाडाखाली आम्ही काटा मांडला. लोक लांबून प्लास्टरकडे बघत आणि नजर फिरवून पुढे जात. काटा शून्य दाखवत होता.

दहाच्या सुमारास त्रिंबकनाना आले. दोरीला दोन बोकड. आमच्यासमोरून, मुलाच्या मोडक्या हातासमोरून, ते सरळ अप्पारावकडे गेले. अंगदने मान खाली घातली. इतका मार खाऊन आलेलं मी त्याला पाहिलं होतं, पण मान खाली घातलेली पहिल्यांदा पाहिली.

अप्पारावने हसून रामराम केला. उजव्या हातावर त्याने आधीच रुमाल टाकलेला होता. "पोराचं ऐकलं, नाना. लई वाईट झालं. दिवस खराब आलेत." आणि रुमाल पुढे केला.

नानांनी आपला हात आत घातला.

मी दहा पावलांवर होते. रुमाल हलत होता, बोटं आत बोलत होती. मग तो हलायचा थांबला. भाव होत नव्हता. नानांचा हात आत हळूहळू सरकत होता, बोटांवरून तळव्याकडे, तळव्यावरून अंगठ्याच्या बुडाकडे. तिथे थांबला. काय लागलं ते त्यांनी नंतर सांगितलं. खपल्यांची एक ओळ, अर्धगोल, आणि त्या ओळीत बरोब्बर मध्ये एका दाताची जागा रिकामी.

नानांचा चेहरा तसाच होता, दगडासारखा. बाजाराची रीत. पण डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाजारात कुणीतरी रुमाल ओढून जमिनीवर टाकला.

हात उघडा पडला. नानांनी तो मनगटाला धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "बघा रे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मपल्या पोराचा दात बघा."

लोक गोळा झाले. ज्यांनी अंगदला लहानपणापासून हसताना पाहिलं होतं त्यांना काही सांगावं लागलं नाही. अप्पाराव हात ओढू लागला. "कुत्रं चावलं, नाना, देवाशप्पत..." त्याची दोन माणसं पुढे धावली. धनगरांच्या काठ्या आडव्या झाल्या. एकाच्या गुडघ्यावर काठी बसली आणि तो मेंढरांत कोसळला. दुसऱ्याच्या नाकातून रक्त आलं. मला सांगायला लाज वाटत नाही, मला बरं वाटलं.

नाना या गोंधळाकडे बघतच नव्हते. मेंढरं धरून धरून लोखंड झालेले त्यांचे हात एकच काम करत होते. त्यांनी अप्पारावचं मधलं बोट पकडलं आणि मागे वाकवायला सुरुवात केली. अप्पाराव गुडघ्यांवर आला. त्याचं ते मधासारखं बोलणं संपून नुसता लहान पोरासारखा सूर निघायला लागला.

आणि तेव्हा अंगद पुढे धावला. डाव्या हाताने त्याने बापाचं मनगट धरलं.

"नाना, सोडा. सोडा त्याला. आपल्याला याच बाजारात धंदा करायचाय."

मी आजवर गुंतवणूकदारांची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. धंद्याच्या माणसाचं काम काय, यावर मला पुन्हा कुणी काही सांगायला नको. ज्याची बोटं फोडली, तो ती फोडणाऱ्याला वाचवायला आला होता, कारण पुढच्या सोमवारी त्याला त्याच माणसाला चहा विचारायचा होता.

नानांनी मुलाकडे पाहिलं. प्लास्टरकडे पाहिलं.

"धंदा तुला करायचाय," ते म्हणाले. "मला नाय."

आणि बोट मोडलं. तोच आवाज होता. मी तो फोनवर ऐकला होता, म्हणून लगेच ओळखला. अप्पारावची किंकाळी बाजारभर गेली आणि मेंढरं एकदम बिथरली.

नानांनी त्याचा हात सोडून दिला. धोतराला आपला हात पुसला, दोनदा नीट पुसला. मग बोकडांची दोरी उचलून आमच्या लिंबाखाली आले, पहिल्या बोकडाला कवेत घेतलं आणि काट्यावर उभं केलं. त्यांच्यामागे एक धनगर येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी एक.

"आता कर तुझा धंदा," नाना अंगदला म्हणाले.

अंगद डाव्या हाताने फोनवरचं बटण शोधत होता. त्याला ते सापडत नव्हतं, कारण तो रडत होता. शेवटी मी त्याचं बोट धरून त्यावर ठेवलं.